पुष्पा राठोड, जन्म एक जून

महागाव,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. शाम यास अनेक आशीर्वाद.

मास्तर अजून पत्रं लिहितो म्हणून हसायचं असेल तर हसून घे. फोन आता माझ्या उपयोगाचा राहिलेला नाही. कानाला लावला की आत नुसता भुंगा गुणगुणतो आणि पलीकडचा माणूस ओरडून ओरडून घसा बसवून घेतो. आमची ही, भागीरथा, तर म्हणते, "तुमच्याशी बोलन्यापरीस म्हशीशी बोललेलं बरं, थे मान तरी हालवते." डोळे मात्र अजून शाबूत आहेत. तेव्हा तूही मला पत्रच लिही. चौथीत तुझी पत्रं मी तपासलेली आहेत. मायना झकास, अक्षर गोल, पण नेमकी मुद्द्याची गोष्ट गाळायचास. आता तरी तसं करू नकोस.

परवा बाजारात तुझे वडील पूनमसिंग भेटले. "मास्तर, शामच्या हाती आता दवाखान्याचे सारे कॉम्प्युटर हायेत. एक्स-रे बी तोच काढते, मशीन रुसली तं तोच समजावते," असं त्यांनी मला दोन वेळा सांगितलं, एकदा माझ्या कानात आणि एकदा सगळ्या बाजाराला. मला फार बरं वाटलं. तांड्यावरच्या शाळेत बावीस वर्षं काढली, त्यातलं काहीतरी उगवलं म्हणायचं.

आता काम. तुमच्या वर्गात दोन पुष्पा होत्या. दोघी राठोड, दोघी एकाच बाकावर. हजेरीत गोंधळ नको म्हणून मी एकीला हंसाबाईची आणि दुसरीला लखीरामची म्हणायचो. त्यातली हंसाबाईची पुष्पा काल माझ्याकडे येऊन गेली. दीड महिना झाला, खोकते आहे. संध्याकाळी अंग तापतं म्हणाली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या, ते मला आवडलं नाही. तिचा नवरा बादल तांड्यावर घरजावई आहे, स्वभावाने गरीब माणूस. दिवाळी झाली की दोघांची नावं ऊसतोडीच्या टोळीत आहेत. मी तिला बजावलं, आधी छातीचा फोटो, मग ऊस. तुझ्याकडे पाठवतो आहे. लक्ष घाल.

तुझा,
पुंडलिकराव मास्तर

---

उमरखेड,
२७ ऑक्टोबर २०२४

ती. गुरुजींना शामचा साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. समोरच्या टेबलावरच्या मॅडम विचारत होत्या, कोर्टाचं आहे का? पोस्टमन इथे दुसऱ्या कशासाठी येतच नाही.

पुष्पा गुरुवारी आली. एकटी नव्हती. ऊसतोडीला जायच्या आधी तपासून घेऊ म्हणून तांड्यावरचे बारा जण एकाच जीपमधून उतरले. लखीरामची पुष्पाही होती, ती नवऱ्याकडून परत आल्यापासून माहेरीच असते. दवाखान्यात आधीच गर्दी. आपल्या लोकांनी रांगेत ताटकळू नये म्हणून सगळ्यांची नोंदणी मी स्वतः केली. मोबाईल नंबरही माझाच टाकतो, म्हणजे रिपोर्टचा मेसेज मला येतो आणि मी फोन करून सांगतो. नाहीतर कुणाच्या फोनमध्ये चार्जिंग नाही, कुणाला वाचता येत नाही. आणि गुरुजी, बारापैकी नऊ जणांची जन्मतारीख एक जून! ही तुमची कृपा. मॅडम म्हणाल्या, तुमच्या तांड्यात त्या दिवशी केक पुरत नसतील.

आता फिल्म धुणं, वाळवणं, पाकिटात भरणं काही उरलेलं नाही. मी इकडे फोटो काढतो आणि तो तारेतून थेट डॉक्टरसाहेबांच्या खोलीत त्यांच्या पडद्यावर जातो. ते पेशंट तपासता तपासता फोटो पाहतात, खाली एक ओळ लिहितात, आणि यादीत ते नाव हिरवं होतं. हिरवं म्हणजे पाहून झालं. ही सगळी यंत्रणा दसऱ्याच्या आधी मी एकट्याने बसवली. जुन्या कॉम्प्युटरमधली अकरा हजार माणसं नव्यात आणायला मला तीन दिवस लागले. तुम्ही एकदा या, तुमचा गुडघा दाखवतो पडद्यावर.

पुष्पाची छाती साफ आहे. डॉक्टरांनी तिला ताप येतो का विचारलं, ती नाही म्हणाली. खोकल्याचं औषध आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आहेत. काळजी नसावी.

तुमचा,
शाम

---

महागाव,
१९ डिसेंबर २०२४

चि. शाम,

तुझ्या पत्राने जिवाला थंडावा मिळाला होता, पण तो फार दिवस टिकला नाही. काल हंसाबाई आली होती. ऊसतोडीच्या मुलखातून पुष्पाचा फोन येतो. खोकला गेलेला नाही, उलट वाढला आहे. बोलताना मध्येच थांबते म्हणे. हंसाबाई म्हणाली, "मास्तर, तिचा आवाजच पुरून नाही राह्यला." बादलला विचारलं तर तो म्हणतो, फोटो साफ आहे, शामभाऊने स्वतः सांगितलं आहे.

फोटो साफ असून असं होतं का रे? मला त्यातलं कळत नाही. तू फक्त एवढं कर, तिचा तो फोटो पुन्हा एकदा बघ. औषध बदलायचं असेल तर डॉक्टरांना विचार आणि बादलला कळव. त्यांची सहा वर्षांची निकिता इथे आजीजवळ आहे. माझ्याच जुन्या शाळेत जाते आणि अक्षर तुझ्यासारखंच गोल काढते.

मी वारंवार विचारतो म्हणून चिडू नकोस. म्हाताऱ्या माणसाला दुसरा उद्योग नसतो.

पुंडलिकराव

---

उमरखेड,
३० डिसेंबर २०२४

ती. गुरुजींना सा. न.

घाईत लिहितो आहे. वर्षअखेर असल्यामुळे सगळी माहिती दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं काम चालू आहे, त्यात सोनोग्राफीचं मशीन दोन दिवसांपासून यंत्रणेशी बोलायला तयार नाही.

तुमच्या सांगण्यावरून पुष्पाची नोंद पुन्हा उघडली. डॉक्टरांच्या हातची ओळ आहे, छाती साफ, काही दोष नाही. उसाच्या पानांची बोचरी कूस, पाचटाचा धूर, पहाटेचा गारठा, यात चांगल्या माणसालाही खोकला लागतो. बादलला मी फोन करून तेच सांगितलं. परत आली की पुन्हा तपासू.

शाम

---

महागाव,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. शाम,

पुष्पा गेली.

टोळीच्या ट्रॅक्टरवर तिला रक्ताची उलटी झाली. बादलने गाडी करून तिला थेट यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. तिथे चार दिवस होती. काल तिला तांड्यावर आणलं. मी गेलो होतो. इतकी हलकी झाली होती की उचलणाऱ्यांना चौघांची गरज पडली नसती.

क्षय होता, शाम. दोन्ही फुप्फुसं गेली होती. तिथले डॉक्टर बादलला म्हणाले, चार महिन्यांपूर्वी आणली असती तर सरकारी गोळ्यांनी बरी झाली असती, त्या तर फुकट मिळतात. बादलने हे घरी येऊन सगळ्यांना जसंच्या तसं सांगितलं. काही गोष्टी माणसाने सांगू नयेत, पण त्याला ते कळत नाही.

हंसाबाई मला धरून विचारत होती, "मास्तर, फोटो साफ होता नं? मंग माही पोरगी कायनं मेली?" मी म्हटलं, शामला विचारतो. म्हणून विचारतो आहे. फोटो साफ असल्यावर चार महिन्यांत एवढं होऊ शकतं का? जे असेल ते लिही. तिला काहीतरी उत्तर द्यायला हवं.

मी आज दुसरं काही लिहू शकत नाही. माझ्या वर्गातलं पोर माझ्या आधी गेलं.

पुंडलिकराव

---

महागाव,
२ एप्रिल २०२५

चि. शाम,

दीड महिना होऊन गेला, तुझं उत्तर नाही. पाडव्याला तू तांड्यावरही आला नाहीस, पूनमसिंग सांगत होते. मला वाटतं माझ्या पत्राचा तुला राग आला. मी तुला जाब विचारला असं तुला वाटलं असेल. तसं काही नव्हतं रे. तू तिच्यासाठी जेवढं केलंस तेवढं सख्खा भाऊ करत नाही, हे मला ठाऊक आहे. डॉक्टरांचंही चुकलं असं मी म्हणत नाही. नशिबात असेल ते साफ फोटोतूनही वाट काढतं, असं मी माझी समजूत घातली आहे. तेव्हा राग सोड.

आज लिहायचं कारण वेगळं. तांड्यावर बादलचं कठीण झालं आहे. फोटो साफ होता, म्हणजे बाई घरून धडधाकट गेली, असा लोकांनी हिशेब मांडला आहे. धडधाकट गेली आणि हाडं होऊन आली, म्हणजे नवऱ्याने तिला उपाशी ठेवलं, तापात कोयता हातात दिला, असं सगळे बोलतात. हंसाबाई त्याच्या हातचं पाणी घेत नाही. निकिताला तिने आपल्या घरात ठेवून घेतलं आहे आणि बाप दारात आला की ती पोरीला आत नेते. घरजावई माणूस, त्याच्या बाजूने बोलायला तांड्यावर त्याचं कुणीच नाही.

वीस तारखेला, रविवारी सकाळी, बाबूसिंग नायक पंच बसवणार आहेत. बादलने तांडा सोडायचा आणि पोरीवरचा हक्क सोडायचा, असं जवळपास ठरल्यात जमा आहे. मी बादलला म्हटलं, अरे, तुझी बाजू तरी मांड. तो मान खाली घालून बसतो. एक शब्द बोलत नाही. त्यामुळे लोकांची आणखीच खात्री पटली आहे.

तू शिकलेला आहेस, दवाखान्यातला आहेस, तुझा शब्द नायक ऐकतात. असा आजार कधीकधी फोटोत दिसत नाही, एवढं जरी तू येऊन सांगितलंस तरी त्या माणसाची लेक त्याच्याजवळ राहील. येशील का?

पुंडलिकराव

---

उमरखेड,
९ एप्रिल २०२५

ती. गुरुजी,

मला राग आलेला नव्हता. आजार फोटोत दिसत नाही असं मी सांगू शकणार नाही, कारण तो दिसत होता.

हे मला पंधरा फेब्रुवारीला कळलं. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी तिची नोंद उघडली, आणि या वेळी डॉक्टरांच्या ओळीवर थांबलो नाही. खाली गेलो. खाली दोन फोटो होते. एकाच नावाखाली, एकाच तारखेचे, अकरा मिनिटांच्या अंतराने काढलेले. पहिला स्वच्छ. दुसऱ्यात उजव्या बाजूला वरचा सगळा भाग पांढरा. मी काही डॉक्टर नाही, पण नऊ वर्षं फोटो काढतो आहे. तो पांढरा भाग म्हणजे काय ते मला कळतं.

त्या गुरुवारी लखीरामच्या पुष्पाचा फोटो बारा वाजून एकतीस मिनिटांनी झाला. डॉक्टरांनी तो पाहिला, साफ असं लिहिलं, यादीत पुष्पा राठोड हे नाव हिरवं झालं. मग मी हंसाबाईच्या पुष्पाची नोंदणी करायला घेतली. नाव पुष्पा राठोड. जन्म एक जून, साल तेच. गाव तेच. मोबाईल माझा. कॉम्प्युटरने विचारलं, या नावाची एक पेशंट आधीच आहे, ही तीच का? जुनी माणसं नव्यात आणल्यापासून हा प्रश्न दिवसातून तीस-चाळीस वेळा येतो आणि बहुतेक वेळा ती तीच असते. मी होय दाबलं. एरवी नाव टाकताना बापाचं किंवा नवऱ्याचं नाव टाकतात. आपल्या लोकांना लवकर मोकळं करावं म्हणून मी तेही टाकलं नव्हतं.

गुरुजी, ती माझ्यासमोर उभी होती. दोघींबरोबर मी चार वर्षं एका वर्गात बसलो. आंधळ्यानेही आवाजावरून ओळखलं असतं. मी मान वर करून पाहिलंच नाही.

तिचा फोटो मी काढला तो त्या हिरव्या ओळीखाली जाऊन बसला. डॉक्टरांनी तिला आत बोलावलं, नाव उघडलं, ओळ वाचली आणि साफ आहे म्हणाले. तो फोटो कुणीच पाहिला नाही. चार महिने तो तिथे होता, चांगला, स्पष्ट, हललेला नाही, कापलेला नाही. फोटो काढताना माझ्या पडद्यावर तो क्षणभर येतो. नीट आला की नाही तेवढं मी बघतो आणि पुढे पाठवतो. म्हणजे मी पाहिला असणार. मला आठवत नाही. आठवायचा मी खूप प्रयत्न करतो.

डिसेंबरात तुम्ही स्पष्ट लिहिलं होतं, फोटो बघ. मी ओळ वाचली आणि फोटो पाहिला असं तुम्हाला भासवलं. तेव्हा ती जिवंत होती.

आणखी एक सांगायचं आहे, ते सर्वांत वाईट. पंधरा फेब्रुवारीला मी दोघींच्या नोंदी वेगळ्या केल्या. तिला नवा नंबर दिला, फोटो तिच्या नावावर लावला आणि कॉम्प्युटर बंद केला. आता पाहणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसेल. डॉक्टरांना सांगितलं नाही. घरी सांगितलं नाही. पाडव्याला आजारी आहे असं घरी कळवलं ते खोटं होतं, मला हंसाबाईच्या घरासमोरून जायचं नव्हतं.

बादलचं तुमच्या पत्रातून कळलं. त्याला फोन लावायला पाच-सहा वेळा नंबर काढला. बोलू काय? साफ आहे असं त्याला दोनदा मीच सांगितलं होतं.

सांगितलं तर माझी नोकरी जाईल, ते मी सोसेन. पण तांड्यावरची माणसं मला बघून जीपमधून उतरतात. मी आहे म्हणून दवाखान्यात येतात. ती पुन्हा कधी कुठल्याच दवाखान्यात जाणार नाहीत. मी काय करू, ते तुम्ही सांगा.

शाम

---

महागाव,
१३ एप्रिल २०२५

शाम,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या वेळी फाडायला घेतलं होतं. भागीरथाने हातातून काढून घेतलं.

मी तुझी समजूत घालणार नाही. तशी अपेक्षा असेल तर दुसऱ्या कुणाला लिही.

पण एक गोष्ट माझीही आहे. सन दोन हजार, जून महिना, तांड्यावरची पहिली. एका दिवसात सदतीस पोरांची नावं पटावर घालायची होती. हंसाबाई म्हणाली, माझी पोरगी तीज बसवली त्या दिवशी झाली. म्हणजे श्रावण. लखीराम म्हणाला, माझी कापूस वेचणीत झाली. म्हणजे दिवाळीच्या पुढे. दोघांनी मला नीट सांगितलं होतं. मी दोघींपुढे एक जून लिहिलं. सगळ्यांपुढे लिहिलं, कारण त्या तारखेने शाळा उघडताना पोर बरोबर सहा वर्षांचं भरतं, कुणी शंका काढत नाही, आणि मला जेवणाच्या आत मोकळं व्हायचं होतं. आमच्या वेळचे सगळे मास्तर हेच करायचे आणि त्यात काही वावगं आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. तू केकची गंमत लिहिलीस तेव्हा मीही हसलो होतो.

यातला माझा वाटा मी घेतो. पण तो तुझ्या वाट्यातून वजा होत नाही, एवढं गणित तुला मी शिकवलेलं आहे.

काय करू म्हणून विचारतोस. तुला ते माहीत आहे, म्हणूनच तू एवढं सविस्तर लिहिलंस. तांड्यावरची माणसं दवाखान्यात येणार नाहीत ही भीती खरी आहे. पण आज ती खोट्यावर विश्वास ठेवून येतात, ते बरं आहे का? आणि त्यांचं पुढचं पुढे. आधी एका बापाची लेक जाते आहे, रविवारी, तुझ्या गप्प बसण्यामुळे.

मी रविवारी तिथे असेन. तुझं पत्र माझ्या खिशात असेल, पण ते मी वाचून दाखवणार नाही. ते तुझं काम आहे. तू आला नाहीस तर हे आपलं शेवटचं पत्र समज.

पुंडलिकराव

---

उमरखेड,
२२ एप्रिल २०२५

ती. गुरुजींना सा. न.

रविवारी तुम्ही लिंबाखाली अगदी पुढे बसला होता, तरी तुम्हाला काहीच ऐकू आलं नसणार. शिवाय मी आम्हा बंजाऱ्यांच्या गोर बोलीत बोललो. म्हणून जे झालं ते लिहून कळवतो.

गुरुवारी मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी दोन्ही फोटो उघडले आणि शेजारी शेजारी लावले. मग म्हणाले, "फोटो माझ्या पडद्यावर होता शाम, मी खाली पाहिलं नाही." त्यांनी खरा रिपोर्ट लिहिला, चूक कशी झाली तेही लिहिलं आणि सही केली. दसऱ्यापासून होय दाबून जोडलेल्या सगळ्या नोंदी आम्ही दोन दिवस बसून तपासल्या. आणखी तीन ठिकाणी दोन माणसं एक झाली होती. सुदैवाने त्यांत कुणाचा आजार दडलेला नव्हता. यंत्रणेच्या चाव्या मी त्यांच्या हवाली केल्या आहेत. कामावर यायचं की नाही ते अजून त्यांनी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

तांड्यावर मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. फेब्रुवारीत नोंदी गुपचूप वेगळ्या केल्या तेही सांगितलं. माझे वडील उठून निघून गेले ते तुम्ही पाहिलंच. लखीरामची पुष्पा तोंडात पदर कोंबून रडत होती. तिचं काय चुकलं, तिची छाती साफ होती एवढंच. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू दुसरीचा श्वास तिने पळवला आहे.

हंसाबाईने फोटो मागितला. मी फिल्मवर छापून नेला होता. तिने तो उन्हात धरला आणि विचारलं, "कुठं हाय?" मी बोट ठेवलं. तिने तिथे आपलं बोट ठेवलं. मग म्हणाली, "माह्या पोरीनं तुले सारं दाखवलं होतं. तुह्यासमोर उभं राहून दाखवलं." तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

नायकांनी पंचांशी फार वेळ बोलणं केलं नाही. पोर बापाची, बादल तांड्यावरच राहील, आणि त्याच्याबद्दल जो जे बोलला त्याने ते परत घ्यावं, असा निवाडा दिला. दोघं-तिघं जाऊन बादलच्या पायाशी बसले. हंसाबाईने स्वतः निकिताला आणून त्याच्याजवळ उभं केलं. उद्या मी बाप-लेकीला क्षयाच्या तपासणीला घेऊन जाणार आहे, सरकारी दवाखान्यात. तिथे निकिताचं नाव मी तिसऱ्याच माणसाकडून लिहवून घेणार आहे.

तुम्हाला मोटारसायकलवर बसवून दिलं आणि मी परत आलो तेव्हा बादल अजून तिथेच बसलेला होता. मांडीवर लेक झोपली होती. मला वाटलं, आता तो मला मारेल, आणि मारू दे असंही वाटलं. मी त्याच्यासमोर बसलो. म्हटलं, बादल, तू आजवर एक शब्दही का बोलला नाहीस? तुझी चूक नव्हती. तो जे बोलला ते तुम्हाला कळावं म्हणून इकडच्या बोलीत लिहितो.

"शामभाऊ, मी काहून बोलू? तिकडं फडात ती रोज म्हने, मले होऊन नाही राह्यलं, छातीत काहीतरी हाय. मी म्हनो, फोटो साफ हाय, शामभाऊनं सांगतलं, मंग कायले ढोंग करतं? साऱ्या टोळीसमोर ढोंगी म्हनो मी तिले. शेवटी शेवटी तिनं सांगनंच सोडून देल्लं. मुक्यानं मोळ्या बांधे. आज तू सांगतलं, ती खोटं नव्हती बोलत. मले समजलं. आता तिले कोन सांगन?"

गुरुजी, तुमच्याजवळ याचं उत्तर असेल तर मला नको, त्याला कळवा. त्याला वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन.

तुमचा विद्यार्थी,
शाम